ऑपरेशन ठरलं की भुलीची भीती का वाटते?



वर्षातून एकदा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 2013 पासून हा कार्यक्रम देशभर चालू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी होते. कुणाला हर्निया निघतो, कुणाचा डोळा तिरळा असतो, कुणाचा टाळू दुभंगलेला असतो, कुणाच्या हृदयात छिद्र सापडतं. मग पालकांच्या हातात पुढच्या तपासणीचा कागद येतो. आमच्या मिरजोळ्याला रत्नागिरी शहर लागूनच आहे, जिल्हा रुग्णालय काही लांब नाही. उपचारांची सोय सरकारी योजनेतून होते. तरीसुद्धा तो कागद कितीतरी घरांत कपाटावर पडून राहतो.

कारण विचारलं तर पैशाची अडचण फार थोडे जण सांगतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, "ऑपरेशनचं काय नाय हो बाई, पण भूल देणार ना? एवढंसं पोर, उठलंच नाय तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला नीट उत्तर मिळालं नाही, तर मुलाचं ऑपरेशन वर्षानुवर्षं लांबतं. म्हणून आजचा पाठ भुलीवर आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांवर. आठवी ते दहावीच्या वर्गात तो एका तासात घेता येतो आणि पालकसभेतही सांगता येतो.

शब्दापासून सुरुवात करू

'भूल' हा मराठीतला मोठा गमतीदार शब्द आहे. चूक झाली की आपण भूलचूक म्हणतो. माणूस कशावर तरी लुब्ध झाला की तो भुलला म्हणतो. रानात वाट चुकली, फिरून फिरून माणूस त्याच जागी आला, की जुनी माणसं म्हणतात, भूल पडली. म्हणजे कुणीतरी आपल्यावर काहीतरी केलं आणि आपलं भान गेलं, ही कल्पना शब्दातच बसलेली आहे. त्यामुळे ऑपरेशनची भूलसुद्धा आपल्याला तशीच वाटते. एक इंजेक्शन दिलं, माणूस भुलला, आता तो परत येईल की नाही हे देवाच्या हातात!

डॉक्टर धीर द्यायला म्हणतात, "घाबरू नका, झोपेचं इंजेक्शन देणार आहोत." त्यानेही घोटाळा होतो. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. पूर्ण भुलीतला माणूस पोटावर छेद घेतला तरी हलत नाही. झोपेत घशाशी पाणी आलं तर ठसका लागतो, भुलीत तो ठसकाही लागत नाही. मोठ्या ऑपरेशनात स्नायू सैल करण्याचं औषध देतात, तेव्हा रुग्णाचा श्वाससुद्धा यंत्राने चालवावा लागतो. म्हणजे आपलं शरीर स्वतःच्या राखणीसाठी जी कामं आपोआप करतं, ती काही काळ बंद असतात. मग त्या वेळात ती राखण कोण करतं?

ती राखण करणारा माणूस म्हणजे भूलतज्ज्ञ. या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. भूल देणं हे त्यांच्या कामातलं सर्वांत छोटं काम. भूल चढल्यापासून उतरेपर्यंत रुग्णाच्या उशाशी थांबून त्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणं हे खरं काम.

भूल देणारे डॉक्टर असतात का?

अनेक देशांत रुग्णांना हा प्रश्न विचारून पाहण्या झाल्या आहेत आणि आपल्याकडेही झाल्या आहेत. भूल देणारी व्यक्ती डॉक्टर असते हे कितीतरी रुग्णांना ठाऊक नसतं, असंच त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. कुणाला वाटतं नर्स देते, कुणाला वाटतं सर्जनच देतात. यात लोकांची चूक नाही. रुग्ण त्यांना भेटतो ते पाच-दहा मिनिटं, तीही घाबरलेल्या अवस्थेत, आणि पुढचं सगळं काम तो बेशुद्ध असताना होतं. सर्जनचं नाव सगळ्या नातेवाइकांना पाठ असतं, भूलतज्ज्ञांचं नाव घरी येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुलांना सांगा की भूलतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतात, म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर भूलशास्त्रात तीन वर्षांची एमडी किंवा दोन वर्षांची पदविका. एवढं शिकायचं, ते केवळ सुई टोचण्यासाठी नक्कीच नाही.

त्यांची दोन कामं तर आपल्या घरापर्यंत आलेली आहेत. बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याचा रंग, नाडी, प्रतिसाद, हालचाल आणि श्वास पाहून शून्य ते दहा गुण देतात. हा अपगार गुणांक 1952 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी मांडला. दुसरं म्हणजे आयसीयू. त्याच 1952 साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या वेळी वापरायची युक्ती तिथे वापरली. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला लावला. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानतात.

ही भीती आली कुठून?

भुलीच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो मुलांना जरूर सांगावा.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावं, आणि ज्याला सवय आहे त्याला मद्य द्यावं, असं सांगितलं आहे. पोटात अन्न असलं की रुग्ण मूर्च्छित होत नाही आणि मद्याच्या अमलात शस्त्राची वेदना कमी जाणवते, असं कारणही दिलं आहे. पोट, तोंड, मूळव्याध अशा काही ठिकाणच्या शस्त्रकर्मांना मात्र उपाशी ठेवायला सांगितलं आहे. त्या काळात याहून जास्त काही हाताशी नव्हतं.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगवून सर्वांसमोर भूल दिली आणि रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली गेली. म्हणून 16 ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, कलकत्त्यातही ईथर वापरलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोचे जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. ते वापरायला सोपं होतं, रुमालावर चार थेंब टाकले की काम होई.

पण जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच दगावली. ऑपरेशन कसलं होतं? पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. म्हणजे "उठलंच नाय तर?" ही भीती एके काळी अगदी खरी होती. औषध सापडलं होतं, पण रुग्णावर नजर ठेवायची कशी आणि कोणी, याचं शास्त्र अजून जन्मलं नव्हतं.

या शास्त्राची एक महत्त्वाची चर्चा आपल्या शेजारी हैदराबादेत झाली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. क्लोरोफॉर्मने आधी हृदय बंद पडतं की आधी श्वास, यावर जगभर वाद चालू होता. निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनने प्राण्यांवर शेकडो प्रयोग केले. प्रमुख होते सर्जन एडवर्ड लॉरी. त्यांचं म्हणणं पडलं की श्वासावर लक्ष ठेवा, हृदय आपलं सांभाळून घेईल. पुढे 1911 च्या सुमारास सिद्ध झालं की क्लोरोफॉर्मने हृदयाचं चलनवलनही अचानक बिघडू शकतं. दोन्ही पक्षांकडे अर्धं अर्धं सत्य होतं. म्हणून आज दोन्हींवर नजर ठेवतात.

याच हैदराबादेत लॉरी यांच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म द्यायला शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे 1909 मध्ये त्या जास्त शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. वर्गातल्या मुलींना हे नाव जरूर सांगा.

आज उशाशी बसून काय पाहतात?

कोरोनाच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, ते मुलांना आठवत नसेल पण पालकांना नक्की आठवेल. तो ऑक्सिमीटर आधी ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञांचा सोबती झाला आणि मग आपल्या घरात आला. त्यामागची युक्ती 1970 च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधली. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यावरून टक्केवारी निघते. विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचा धडा शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

याशिवाय हृदयाचा आलेख, ठरावीक वेळाने रक्तदाब, शरीराचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हेही सतत पाहतात. श्वासनळी बरोबर जागी आहे की नाही, हे त्या शेवटच्या आकड्यावरून लगेच समजतं. आकडा बिघडायला लागला की भूलतज्ज्ञ औषध कमी-जास्त करतात, रक्त किंवा सलाइन चालू करतात, वेळ पडली तर सर्जनला हात थांबवायला सांगतात.

भुलीचे प्रकारही मुलांना माहीत हवेत. दात काढताना फक्त तेवढी जागा बधिर करतात. हात मोडला तर त्या हाताच्या शिरा बधिर करता येतात. सिझेरियनला बहुधा कमरेखालची भूल असते. पूर्ण भुलीत रुग्ण बेशुद्ध असतो. लहान मुलं जागेपणी स्थिर पडून राहत नाहीत, म्हणून त्यांना बहुतेक वेळा पूर्ण भूलच देतात.

पालकसभेत येणारे प्रश्न

*"पाठीत सुई मारली की जन्मभर कंबर दुखते ना?"* मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खालच्या मणक्यांमध्ये देतात. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, काहींचं डोकंही दुखतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष या सुईवर टाकायला आधार सापडलेला नाही. बाळंतपणातला शरीरावरचा ताण, वाकून बाळाला पाजणं, पाण्याचे हंडे उचलणं ही कारणं जास्त खरी.

*"भूल दिली की पोरगं अभ्यासात मागं पडतं का?"* हा प्रश्न आपल्याला, शिक्षकांना, हमखास विचारला जातो. सात देशांतल्या रुग्णालयांत सातशेहून जास्त तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. हर्नियाच्या ऑपरेशनला काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागेपणी कमरेखालची. तासाभराच्या आतली ती भूल होती. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमत्ता तपासली, तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2019 मध्ये आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये एक इशारा दिला आहे, तोही लपवू नये. तीन वर्षांखालच्या मुलांना पुन्हा पुन्हा किंवा तीन तासांहून जास्त भूल द्यावी लागणार असेल तर त्याचा विचार नीट करावा, असं त्यात म्हटलं आहे. तशी वेळ असेल तर डॉक्टरांना विचारा. हर्नियासारखं छोटं ऑपरेशन या भीतीपोटी लांबवू नका.

*"मध्येच जाग आली तर?"* ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल 2014 मध्ये आला. पूर्ण भुलीच्या साधारण 19,000 वेळांत एकदा अशी तक्रार नोंदली गेली होती. म्हणजे अशक्य नाही, पण फार दुर्मीळ.

*"भूल उतरताना माणूस पोटातलं सगळं बोलून टाकतो म्हणे?"* सिनेमात बोलतो! प्रत्यक्षात थोडी बडबड होते, बहुतेकदा अर्थहीन. लहान मुलं मात्र जागं होताना जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. पालक घाबरतात. थोड्या वेळात ते आपोआप शांत होतं.

उपाशी ठेवणं आणि खरं सांगणं

आता या पाठातला सर्वांत कामाचा भाग.

आजीचा जीव तुटतो. नातू सकाळपासून उपाशी, म्हणून ती कुणाला न सांगता त्याला दोन घास भरवते, नाहीतर म्हणते, "पेजच दिली हो, पेज म्हणजे काय, पाणीच तं!" पेज हे पाणी नव्हे. पेज म्हणजे जेवण. दुधाचा चहा, बिस्कीट, सोलकढी हेही पाण्यात धरत नाहीत. भुलीत ठसका लागत नाही हे आपण वर पाहिलं. अशा वेळी पोटातलं अन्न घशाशी आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. सर्वसाधारण नियम असा आहे: भरपेट किंवा तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर किंवा गाई-म्हशीच्या दुधानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास, साध्या पाण्यानंतर दोन तास. तुमच्या मुलासाठी मात्र रुग्णालयाने जी वेळ दिली असेल तीच पाळायची.

आणि चुकून काही खाल्लंच असेल तर? सांगून टाका. ऑपरेशन काही तास किंवा एक दिवस पुढे जाईल. बाबा मुंबईहून रजा टाकून आलेले असतात, परत रजा मिळणार नाही म्हणून घरातले गप्प बसतात. रजा परत मिळते. भूलतज्ज्ञ आपल्याला रागावतील या भीतीने खरं लपवू नका, कारण त्यांना खरं माहीत असलं तरच ते मुलाला सांभाळू शकतात.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासतात, त्याला आपल्याकडे 'फिटनेस काढणं' म्हणतात. लोकांना तो एक शिक्का वाटतो. खरं तर तीच आपली बोलायची वेळ आहे. या गोष्टी आपणहून सांगा:

1. सर्दी, खोकला, ताप किंवा दमा आहे का. सर्दी असताना लहान मुलाचा श्वासमार्ग नाजूक झालेला असतो, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलतात. ते मुलाच्या भल्याचं असतं.
2. दात हलतोय का. सहा ते बारा वर्षांच्या मुलांत हे नेहमीचं. हलणारा दुधाचा दात नळी घालताना निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.
3. आधी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास झाला होता का. घरात रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तोही सांगा, काही दोष आनुवंशिक असतात.
4. कोणतं औषध चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे. वैद्यांचा काढा, चूर्ण, गावठी औषध, सगळं त्यात आलं.
5. मोठ्यांनी तंबाखू, विडी, दारू आणि मशेरीसुद्धा सांगावी. बायका मशेरीचं सांगायला लाजतात. तिथे लाजू नये.
6. नखांना नेलपॉलिश किंवा दाट मेंदी आहे का. बोटावरच्या यंत्राला त्याने अडथळा येऊ शकतो. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढावं.

मुलाचं वजन बरोबर माहीत हवं, कारण औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. आणि आपणही विचारावं: डॉक्टर, तुमचं नाव काय? कोणती भूल देणार? काय त्रास होऊ शकतो? जाग आल्यावर दुखलं तर काय देणार? संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम

1894 च्या सुमारास बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ईथर देताना नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. भुलीच्या नोंदतक्त्याची ती सुरुवात. आपण तेच करू.

मुलांच्या जोड्या पाडा. एक 'रुग्ण', एक 'राखणदार'. रुग्णाने बाकावर शांत बसायचं. राखणदाराने दर पाच मिनिटांनी त्याची नाडी एक मिनिट मोजायची, मग श्वास एक मिनिट मोजायचा आणि तक्त्यात लिहायचं. पस्तीस मिनिटांच्या तासात सात नोंदी होतात. शेवटी आलेख कागदावर दोन रेषा काढायच्या. मधल्या वेळात तुम्ही मुद्दाम एखादी गोष्ट सांगा, फळ्यावर चित्र काढा. राखणदारांपैकी कुणाची नोंद चुकते ते पाहा.

नंतर विचारा: गोष्ट ऐकताना नाडी मोजता आली का? एखादी नोंद राहिली तर त्या पाच मिनिटांत काय झालं, हे आता कसं कळणार? तीन तासांचं ऑपरेशन असेल तर किती नोंदी होतील? ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेच ही राखणही करायची म्हटली तर चालेल का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच देतात, आपल्याला सांगावं लागत नाही. त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर ती आजीला सांगतील की भूल देणारे डॉक्टर शेवटपर्यंत तिथेच थांबतात, आणि ऑपरेशनच्या दिवशी पेज द्यायची नाही.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या कुणा मुलाचा तपासणीचा कागद घरात पडून असेल, तर पुढच्या पालकसभेआधी त्या पालकांना एकदा निवांत भेटा. आधी त्यांची भीती पूर्ण ऐकून घ्या, मग वरची यादी त्यांच्या हातात द्या. आणि फिटनेसच्या दिवशी आईबाबांपैकी एकाला तरी मुलासोबत स्वतः जायला सांगा.